लेकीच्या काचेवरचे बुडबुडे: हायड्रोजन की नुसतीच हवा?

आगपेटी (धागाकर्ती)
मंडळी, मदत हवी आहे. माझं रसायनशास्त्र बारावीला सुटलं ते सुटलंच, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

लेक नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं विषय घेतलाय 'उजेडापासून हायड्रोजन'. टिटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश पडला की पाण्याचं विघटन होतं, असं तिनं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं. मग रंगाच्या दुकानातून पाव किलो टिटॅनियम आलं (सुट्टं देत नाहीत म्हणे). पाण्यात कालवून काचपट्टीवर लेप दिला, माझ्या डोशाच्या तव्यावर वाळवला, आणि ती पट्टी ग्लासभर नळाच्या पाण्यात उभी केली. दिवा म्हणून माझ्या बहिणीचा नेलपॉलिश वाळवायचा यूव्ही दिवा.

वीस मिनिटांत पट्टीवर मोहरीहून बारीक बुडबुडे! घरात जल्लोष. तक्त्याचा मथळासुद्धा लिहून झाला: 'आम्ही घरी हायड्रोजन बनवला'. मला मात्र उगाच धाकधूक वाटतेय. परीक्षकांनी विचारलं "हा हायड्रोजनच कशावरून?" तर पोरगी काय सांगणार? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (अतिनील नको.)

कोरडा विनोद
गॅस सिलिंडरचं बुकिंग रद्द करा, ताई.

निवृत्त मास्तर
लेकीचं कौतुक. आमच्या वेळी हायड्रिलाचा प्रयोग असे. चंचुपात्रात पाणवनस्पती, वर उलटं नरसाळं, त्यावर परीक्षानळी, आणि उन्हात ठेवून बुडबुडे मोजायचे. मी तीस वर्षं तो प्रयोग घेतला आणि तीस वर्षं एकच चूक होऊ दिली, ती म्हणजे बुडबुडे *मोजले*. एक बुडबुडा टाचणीच्या डोक्याएवढा, दुसरा ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि वहीत दोघांची नोंद '१'. व्यास दुप्पट झाला की वायू आठपट होतो, हे मीच गणिताच्या तासाला शिकवायचो. शास्त्राच्या तासाला विसरायचो.

हायड्रिलाचं एक बरं असतं. तिच्या खोडात हवेच्या पोकळ्या असतात आणि बुडबुडा खोडाच्या तुटक्या टोकातून आयता बाहेर पडतो. काचेवरच्या बुडबुड्याला मात्र शून्यातून जन्म घ्यावा लागतो. तो कसा, हे इथल्या कुणीतरी सांगावं.

खलबत्ता
मास्तरांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. पुण्यात पीएचडी करताना माझी चार वर्षं याच बुडबुड्यांकडे बघण्यात गेली, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी वाईट बातमी: ताई, ती जवळपास नक्की हवा आहे. आता कारणं.

टिटॅनियम डायऑक्साइड हा अर्धवाहक. पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण शोषला की आतला इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात जातो आणि मागे रिकामी जागा उरते, तिला आम्ही 'होल' म्हणतो. इलेक्ट्रॉननं पाण्यातल्या हायड्रोजन आयनाला गाठलं तर हायड्रोजन बनतो, होलनं पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतले तर ऑक्सिजन. अडचण अशी की बहुतेक वेळा हे दोघं पृष्ठभागावर पोचायच्या आधीच एकमेकांना भेटतात आणि सगळ्याची नुसती ऊब होते. शिवाय उघड्या ग्लासातल्या पाण्यात आधीच ऑक्सिजन विरघळलेला असतो, आणि सुटलेला इलेक्ट्रॉन हायड्रोजनपेक्षा त्या ऑक्सिजनकडेच आधी धावतो. म्हणून प्रयोगशाळेत आधी आरगॉन सोडून पाण्यातली हवा हाकलतात, आणि पुडीवर प्लॅटिनमसारख्या धातूचे बारीक कण बसवतात. त्याशिवाय नुसती पांढरी पूड पाण्यातून हायड्रोजन जवळजवळ देतच नाही.

तरी लेकीच्या बाजूनं सढळ हातानं हिशोब करू. दिव्याचा उजेड दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिवॉट, पट्टी १० चौरस सेंटिमीटर, आणि शंभरातला एक प्रकाशकण कामी आला असं धरू (हे फारच उदार आहे). तासाला हायड्रोजन येतो साधारण १३ मायक्रोलिटर. पाण्याच्या एका थेंबाचा चौथा हिस्सा, तेवढ्या आकाराचा वायू. आता हायड्रोजन पाण्यात कमी विरघळतो खरा, पण २०० मिलिलिटर पाण्यात पावणेचार मिलिलिटर सहज मावतो. म्हणजे काहीही बाहेर निसटलं नाही असं धरलं तरी पाणी भरायलाच बारा दिवस लागतील. तुमचे बुडबुडे आले वीस मिनिटांत.

"पण पृष्ठभागाच्या अगदी लगत दाटी होत असेल ना?" होते. तीही मोजली. बुडबुड्याला लागणाऱ्या दाटीच्या साधारण शंभराव्या हिश्श्यावर ती अडकते, कारण हायड्रोजन पाण्यात भराभर पसरतो.

आगपेटी
बारा दिवस!! आत्ताच वाचून दाखवलं. तोंड एवढंसं झालंय.

पण मग हवा आली कुठून? पट्टी तर पाण्याखाली होती.

खलबत्ता
पाण्यातच होती. नळाच्या पाण्यात हवा विरघळलेली असते. २५ अंशाला लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन राहू शकतो, ४० अंशाला साडेसहाच्याही खाली. नायट्रोजनचंही तसंच. दिव्यानं पट्टी तापली की जास्तीची हवा बाहेर पडायला जागा शोधते. रात्री उशाशी भरून ठेवलेल्या तांब्यात सकाळी आतून बुडबुडे चिकटलेले दिसतात ना, तेच हे. तिथे ना उत्प्रेरक ना अतिनील.

पाणचट
एक शंका. हवा बाहेर पडायचीय तर ती पाण्याच्या मधोमध का नाही पडत? काचेलाच का चिकटते?

खलबत्ता
हा खरा गोड प्रश्न.

बुडबुडा जितका लहान, तितका पाण्याचा पृष्ठताण त्याला जोरानं आवळतो. आतला जादा दाब म्हणजे पृष्ठताणाच्या दुप्पट भागिले त्रिज्या. एक मायक्रॉन त्रिज्येच्या बुडबुड्यावर हा जादा दाब जवळपास दीड वातावरण भरतो. दहा नॅनोमीटरच्या बुडबुड्यावर तो १४० च्या वर जातो! एवढ्या दाबाखाली आतला वायू परत पाण्यात विरघळून जातो. म्हणजे मोठं व्हायचं तर आधी लहानपण निभावून न्यावं लागतं, आणि तेच निभत नाही. फुगा फुगवताना पहिली फुंकरच जड जाते, तसं.

म्हणून बुडबुडा आयतं घर शोधतो. काचेवरचा ओरखडा, पुडीच्या दोन कणांमधली फट, धुळीचा तंतू. अशा जागी पाणी ओततानाच थोडी हवा अडकून राहिलेली असते. त्या हवेला फक्त वाढायचं असतं, जन्म झालेलाच असतो. गोटी सोडा ओतल्यावर ग्लासात काही ठरावीक ठिकाणांहून माळेसारखे बुडबुडे वर येतात, ते याचमुळे.

घर नसलं तर काय होतं तेही मोजलंय. अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या गटानं प्लॅटिनमच्या नॅनोमीटर मापाच्या चकतीवर विजेनं हायड्रोजन काढला. बुडबुड्याचं बीज धरायला संपृक्ततेच्या (एरवी पाण्यात जास्तीत जास्त विरघळून राहतो त्या प्रमाणाच्या) सुमारे तीनशे पट हायड्रोजन साठावा लागला. वरचं सूत्र लावून बघा, ३०० वातावरणांना त्रिज्या पाच नॅनोमीटरच्या आसपास येते.

उंटावरचा शहाणा
खुसपट: फुग्याची उपमा चुकीची आहे. फुग्यात रबराचा ताण बदलत जातो, बुडबुड्यात पृष्ठताण तोच राहतो. हलके घ्या.

खलबत्ता
मान्य. उपमा परत घेतो, फुगा ठेवून घ्या.

रंगारी नाशिककर
मी रंगाच्या धंद्यातला. शास्त्र कमी समजतं, पण टिटॅनियम समजतं. ताई, तुम्ही आणलेली पूड बहुतेक रुटाइल ग्रेडची असणार, पेंटवाली. गंमत अशी की ती पूड *हे काम करू नये* म्हणूनच मुद्दाम तयार केलेली असते!

उन्हात टिटॅनियमचा कण सभोवतालचा रंगातला बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट भाग, खातो. मग भिंतीला हात लावला की खडूसारखी पांढरी भुकटी हाताला लागते. आम्ही त्याला चॉकिंग म्हणतो. ते होऊ नये म्हणून कंपन्या प्रत्येक कणावर सिलिका-ॲल्युमिनाचा पातळ थर चढवतात. म्हणजे पोरगी ज्या गुणासाठी पूड घेऊन आली, तो गुण कारखान्यातच मारून टाकलेला आहे. बिनलेपाची अ‍ॅनाटेज ग्रेड मागा (रुटाइल आणि अ‍ॅनाटेज हे टिटॅनियम डायऑक्साइडच्याच स्फटिकांचे दोन प्रकार).

खलबत्ता
रंगारीबुवा, _/\_. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

एक भर घालतो. अ‍ॅनाटेजला ३८८ नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश लागतो. नेलपॉलिशच्या बऱ्याच दिव्यांत ३६५ आणि ४०५ अशा दोन्ही लहरी असतात. ४०५ च्या जांभळ्या उजेडाचा अ‍ॅनाटेजला काही उपयोग नाही. डोळ्याला दिसतो तो उजेड, काम करणारा नव्हे. आणि त्या दिव्याकडे थेट बघू नका.

कोरडा विनोद
म्हणजे पूड चुकीची, दिवा अर्धा चुकीचा, पाणी चुकीचं, आणि बुडबुडे बरोबर. पहिल्यांदाच असा प्रयोग पाहिला.

टोकियोतून
उशिरा येतेय. जपानात राहते, याच विषयाच्या आसपास काम करते, म्हणून थोडा इतिहास.

ही सगळी गोष्ट सुरूच बुडबुड्यांपासून झाली. १९६० च्या दशकाच्या शेवटी टोकियो विद्यापीठात अकिरा फुजिशिमा हे केनिची होंडांचे विद्यार्थी होते. टिटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात, समोर प्लॅटिनम, मध्ये तार. झेनॉन दिव्याचा झोत स्फटिकावर पडला की त्यावर बुडबुडे, दिवा बंद की बुडबुडे बंद. १९७२ मध्ये 'नेचर'मध्ये शोधनिबंध आला आणि पुढच्याच वर्षी तेलाचं संकट. मग काय, जगभर धावपळ.

पण बहुतेक लोक इथे चुकतात: स्फटिकावरचे बुडबुडे *ऑक्सिजनचे* होते. हायड्रोजन तारेच्या दुसऱ्या टोकाला, प्लॅटिनमवर. तेव्हा तक्त्यावर हा इतिहास येणार असेल तर एवढं नक्की बरोबर लिहायला सांगा.

आणि १९९७ मध्ये त्याच परंपरेतून निघालेला दुसरा निबंध बुडबुड्यांच्या दृष्टीनं जास्त मजेशीर आहे. अतिनील प्रकाशात टिटॅनियम डायऑक्साइडचा पृष्ठभाग पाण्याला इतका धरतो की थेंब राहतच नाही, सपाट पसरतो. अशा पृष्ठभागावर बुडबुड्याला पाय रोवता येत नाही. पाणी त्याच्या खाली घुसतं आणि तो लहान असतानाच सुटतो. तेलकट पृष्ठभागावर उलट, बुडबुडा बूड पसरून बसतो आणि फुगत राहतो.

पाणचट
बसला तर बसला, बिघडलं काय?

टोकियोतून
बरंच बिघडतं. बसलेल्या बुडबुड्याखालच्या जागेला पाणी मिळत नाही, म्हणजे तेवढा उत्प्रेरक बेकार. शिवाय तो उजेड विखुरतो. सुटताना मात्र तो आजूबाजूचं पाणी घुसळून ताजं पाणी पृष्ठभागाशी आणतो, तो फायदाच. सगळी कसरत तो लवकर कसा सुटेल याची असते.

जमिनीवर बुडबुडा सोडवायचं काम गुरुत्वामुळे येणारं उद्धरण बल करतं, म्हणजे पाणी त्याला वर ढकलतं ते बल. गुरुत्वच काढून घेतलं तर? २०१८ साली जर्मनीत ब्रेमेनच्या पतन-मनोऱ्यात हे करून पाहिलं. मनोऱ्यात तळापासून कुपी वर फेकतात, ती परत खाली येईपर्यंत ९.३ सेकंद वजनरहित अवस्था मिळते. कुपीत उजेडावर चालणारा इंडियम फॉस्फाइडचा इलेक्ट्रोड, वर र्‍होडियमचा थर. सपाट थरावर हायड्रोजनचे बुडबुडे फेसासारखे साचून राहिले आणि विद्युतप्रवाह घसरला. त्याच थराला नॅनोमीटर मापाचे उंचवटे दिल्यावर बुडबुडे सुटू लागले आणि प्रवाह टिकला. अंतराळवीरांना ऑक्सिजन पुरवायचा असेल तर हे नऊ सेकंद फार मोलाचे.

निवृत्त मास्तर
नऊ सेकंदांत प्रयोग! आमच्या शाळेत तेवढ्यात हजेरीचा पहिला आकडा व्हायचा.

टोकियोताई, मग खऱ्याखुऱ्या उन्हात, उघड्यावर, बुडबुडे येतील इतका वायू कुणी काढलाय का?

टोकियोतून
हो, आणि इथूनच फार लांब नाही, इबाराकी प्रांतात. काझुनारी डोमेन यांच्या गटानं १०० चौरस मीटरची तावदानं मांडली, निबंध २०२१ चा. प्रत्येकी पाव मीटर बाय पाव मीटर, अशी १,६०० तावदानं. आत टिटॅनियम डायऑक्साइड नाही, ॲल्युमिनियम मिसळलेलं स्ट्रॉन्शियम टिटॅनेट. त्याच पदार्थानं २०२० मध्ये ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशात सुमारे ९६ टक्के प्रकाशकण कामी लावून दाखवले होते. तरीही उन्हातल्या एकूण ऊर्जेपैकी हायड्रोजनमध्ये उतरली ती जास्तीत जास्त ०.७६ टक्के, कारण उन्हात अतिनील भागच मुळात चार-पाच टक्के. तावदानात काच आणि उत्प्रेरक यांच्यामध्ये पाण्याचा थर फक्त ०.१ मिलिमीटर.

त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन *एकत्रच* निघतात. म्हणजे निघतो तो स्फोटक वायू, आणि तो नंतर पडद्यानं वेगळा करायचा. घरी कुणी असं काही बंद बाटलीत साठवू नये.

खलबत्ता
त्या ०.७६ वर मघाचाच हिशोब लावला. लेकीच्या पट्टीएवढ्या जागेतून भर उन्हात तासाला पावणेतीन मिलिलिटरच्या पुढे हायड्रोजन. नेलपॉलिश दिव्याच्या उदार अंदाजाच्या दोनशे पट. पृष्ठभागालगतची दाटी इथे संपृक्ततेच्या वर जाते, म्हणजे फटी मिळाल्या की बुडबुडे येणारच. दाटी याच्या खाली असेल तर वायू तयार होत राहतो, पण दिसत नाही. गुपचूप विरघळून निघून जातो.

त्यामुळे आमच्या गाइड नवीन पोरांना पहिल्या दिवशी सांगायच्या: बुडबुडा दिसला म्हणून नाचू नका, नाही दिसला म्हणून रडू नका, गॅस क्रोमॅटोग्राफला (वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला) विचारा. यंत्रावर हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोनास एक प्रमाणात आले तर ठीक. सोबत नायट्रोजनचं शिखर वर आलं तर समजायचं बाहेरची हवा शिरलीय. मी कॅडमियम सल्फाइडवर काम करायचो. पिवळी पूड, सल्फाइड-सल्फाइटचं द्रावण, सड्या अंड्याचा वास. त्यात मात्र दिवा लावल्यावर फेस यायचा, अगदी ताकासारखा. कारण तिथे होलचं काम सल्फाइड उरकतं आणि इलेक्ट्रॉन मोकळा राहतो. पाणी फोडल्याचं श्रेय घ्यायला त्यात काही अर्थ नाही, पण डोळ्यांना बरं वाटायचं.

आगपेटी
मंडळी, निकाल घेऊन आलेय. रविवार अख्खा यात गेला. लेकीनं स्वतः चार ग्लास मांडले.

पहिला: लेपवाली पट्टी, नळाचं पाणी, दिवा. बुडबुडे आले. थर्मामीटर २८ वरून ३७ वर.

दुसरा: कोरी पट्टी, बाकी सगळं तेच. बुडबुडे आले, पण मोजकेच.

तिसरा: लेपवाली पट्टी, दिवा नाही, ग्लासाला सगळीकडून फॉइल, आणि ग्लास कोमट पाण्याच्या पातेल्यात. फॉइल काढली तर पहिल्यासारखेच बुडबुडे! हे बघून ती पाच मिनिटं काही बोलली नाही.

चौथा: लेपवाली पट्टी, दिवा, पण पाणी उकळून झाकून गार केलेलं. तासाभरात दोन बुडबुडे, तेही कडेला.

आणि एक पाचवी गंमत, ठरवून केलेली नाही. दुसऱ्या ग्लासातल्या कोऱ्या पट्टीवर बुडबुडे एका जागी गोलाकार रेघांनी बसले होते. भिंगातून पाहिलं तर अंगठ्याचा ठसा! धाकट्यानं शेवेचा हात लावलेला.

टोकियोतून
अगं, हा तर सगळ्यात देखणा निकाल! तेलाच्या रेघांवर पाणी नीट टेकत नाही, तिथे हवा अडकते, तिथेच बुडबुडे वाढतात. फोटो काढलाय ना?

आगपेटी
काढलाय. धाकटा आता स्वतःला सहसंशोधक म्हणवतोय.

खलबत्ता
कोऱ्या पट्टीवर कमी का, तेही जुळतं. काच गुळगुळीत, फटी कमी. पुडीच्या लेपात फटीच फटी.

आता तिला पुढचा प्रयोग सुचवतो. पूड खरंच उजेडावर काम करते का हे बुडबुड्यांनी कळणार नाही, निळ्या रंगानं कळेल. माशांच्या दुकानात मिथिलीन ब्लू मिळतं. पाण्यात अगदी फिकट करून त्यात पट्टी बुडवायची आणि दिव्याखाली ठेवायची. जागी पूड असेल तर रंग उडत जातो. सोबत एक ग्लास अंधारात हवाच, कारण थोडा रंग पुडीला नुसता चिकटूनही कमी होतो. आणि एक पुडीशिवाय दिव्याखाली, कारण थोडा रंग उजेडानं आपला आपणही उडतो.

रंगारी नाशिककर
पेंटवाल्या पुडीवर रंग फारसा उडणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो. पैज चहाची.

आगपेटी (चार दिवसांनी)
रंगारीदादा, चहा तुमचा. तीन तासांनी दिव्याखालचे दोन्ही ग्लास, पूडवाला आणि बिनपुडीचा, डोळ्याला सारखेच निळे.

तक्ता पुन्हा लिहिलाय. नवा मथळा तिनंच ठेवला: 'हे बुडबुडे हायड्रोजनचे का नाहीत'. मधोमध धाकट्याच्या अंगठ्याचा फोटो. वर्गशिक्षिका म्हणाल्या, न जमलेला प्रयोग प्रदर्शनात कशाला? तर ही म्हणाली, "बाई, चारही ग्लास जमलेत."

आता शेवटची विचारणा. अ‍ॅनाटेज पाव किलोपेक्षा कमी कुठे मिळेल? पहिल्या पुडीनं गॅलरीची अर्धी भिंत रंगवून झालीय.

रंगारी नाशिककर
व्यक्तिगत निरोप केलाय. पन्नास ग्रॅम कुरियरनं पाठवतो. तवा दुसरा घ्या.